नकार कुणाच्या नावाने

आमच्या मंडळात तोंडावर नकार द्यायची पद्धत नाही. हॉल द्यायचा नसेल तर सचिव म्हणतात, अध्यक्षबाई नको म्हणाल्या. अध्यक्षबाईंना कुणाला टाळायचं असेल तर त्या सचिवांवर ढकलतात. जो समोर नाही त्याच्या नावावर नकार खपवायचा, म्हणजे संबंध बिघडत नाहीत. जबलपुरात आम्ही मराठी माणसं मूठभर, रोज तीच तोंडं बघायची असतात. मीही वर्षानुवर्षं हेच केलं.

मदन महल भागातल्या आमच्या हॉलमध्ये दर शनिवारी मदत केंद्र चालतं. पाकिस्तानातून, सिंधमधून आलेली कुटुंबं येतात. त्यांचे फॉर्म भरायचे, मुलांना शाळेत घालायचं, भाड्याची खोली शोधून द्यायची. मी निवृत्त झाल्यावर अध्यक्षबाईंनीच मला या कामात ओढलं. त्या म्हणजे माझी मैत्रीण. बावीस वर्षं आम्ही एकाच बसने खमरियाच्या शाळेत शिकवायला गेलो, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं.

तिथेच ती भेटली, सिंधमधून आलेली. सदर बाजारात एका टेलरकडे ब्लाउज शिवायची, सातवीतली मुलगी सोबत. हिंदी छान बोलायची, पण वाचता येत नव्हतं. सिंधी उजवीकडून लिहायची सवय, त्यामुळे वहीत अक्षर काढायला बसली की हात आधी उजव्या कडेला जायचा. मग स्वतःच हसायची. मी तिला शिकवायला लागले आणि खरं सांगायचं तर माझा शनिवार तिच्यामुळे शनिवार झाला. एकदा तिने विचारलं, शिलाई मशीन हॉलच्या कोपऱ्यात ठेवू का? मला ती खडखड नको होती. अध्यक्षबाई नाही म्हणतात, असं सांगून मी मोकळी झाले.

मग तिच्या घरमालकाने खोली खाली करायला सांगितली. चार घरं पाहिली, पाकिस्तान म्हटलं की दार बंद. भाड्याचा करार नसेल तर व्हिसाची मुदत वाढत नव्हती, आणि मुलीची शाळाही त्या कागदाला टांगलेली. मैत्रीण म्हणाली, "माझी खालची खोली रिकामीच पडून आहे. देऊन टाकू." मी दोघी मायलेकींना घेऊन गेले, खोली दाखवली. तिने लगेच टेप काढून खिडकीचं माप घेतलं. पुढच्या शनिवारी पडदा शिवून दाखवायला आणला, पिवळा, बारीक फुलांचा.

त्यानंतर दोन शनिवार ती आली नाही. मी मैत्रिणीकडे गेले, तर खालच्या दोरीवर कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या.

"बँकेतले आहेत, नागपूरहून बदली होऊन आले," ती म्हणाली. "आपली माणसं आहेत गं."

"आणि तिला काय सांगितलं?"

"तुझं नाव सांगितलं. म्हटलं, मॅडमला बरोबर नाही वाटून राहिलं, पोलिसांची भानगड होईल म्हणतात. तू काहून एवढी चिडून राहिली? आपण नेहमी असंच तर सांगतो."

चहाचा कप तिने माझ्यापुढे सरकवला. मी तो घेतला नाही. खोली तिची, तिने कुणालाही द्यावी. पण माझं नाव? तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं की ती बाई या शहरात एका माझ्यावर विश्वास टाकून बसली होती. माझ्या मैत्रिणीने मला विकलं होतं, आणि वर विचारत होती, साखर कमी आहे का.

तशीच रिक्षा करून सदरला गेले. ती दुकानाच्या मागच्या बाजूला हुक लावत बसली होती. मी सगळं सांगितलं. मी नाही म्हटलंच नव्हतं, मला काही माहीत नव्हतं, मैत्रिणीने माझ्या नावावर खपवलं. बोलताना रडू आलं, तेही आवरलं नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. "दीदी, मशीन के लिए भी आपने यही कहा था," ती म्हणाली. "बाद में मैंने अध्यक्ष मैडम से पूछ लिया था. वो बोलीं, हमने तो मना ही नहीं किया."

आवाजात राग नव्हता. महिनाअखेर त्या दोघी मायलेकी इंदूरला नातेवाइकांकडे जाणार होत्या, मुलीचं वर्ष तिकडे धरतील की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. मी उठले तेव्हा तिने खालच्या पिशवीतून घडी केलेला पडदा काढला.

"ये ले जाइए दीदी," ती म्हणाली. "नाप उसी खिड़की का है."