राहेल, शांतामावशी आणि चार नावं

अमेरिका म्हटल्यावर तुम्ही नायगारा, उंच बिल्डिंगा यासाठी सरसावून बसला असाल. सॉरी. मी गेलो पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी. तिथे डोंगर, मका आणि विद्यार्थी. त्यातलीच एक माझी ताई. जर्मन ज्यू कवींनी जुन्या कथांमधल्या बायकांना धरून आठवणी कशा जपल्या, यावर ती पीएचडी करते. बार्शीत आई सगळ्यांना ‘कॉम्प्युटर’ सांगते.

ताईचा मेन चॅप्टर राहेलवर. ही बायबलातली आई. पोरं परमुलखात नेली म्हणून रडते, कुणी समजूत घातली तरी ऐकत नाही.

रविवारी कॅम्पसच्या बसने आम्ही एडिथ आजींकडे गेलो. यांची आई नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत आली आणि राहेलवर जर्मन कविता लिहून गेली. ती कविता आजींच्या आवाजात रेकॉर्ड झाली तर ताईचा चॅप्टर पक्का होणार होता.

आधी खल्ला (वेणीसारखा गुंफलेला गोडसर पाव) मिळाला. झकास! मग आजींनी कविता वाचली, बसचं टाइमटेबल वाचावं तशी. शेवटी नुसती चार नावं. ताईचा चेहरा पडला.

“हा विलाप आहे ना? जरा रडवेला सूर…”

“मला नाही जमत तसं,” आजी म्हणाल्या.

“मी दाखवू?” मी विचारलं. ताईने टेबलाखालून लाथ मारली, ती आजींच्या मांजराला लागली.

आमच्या गल्लीत कुणी गेलं की शांतामावशी तोंडाला पदर लावून, गेलेल्याचं नाव घेत हेल काढून रडते. मी नॅपकिन तोंडाला लावला आणि त्या चार नावांनी तस्साच रडलो.

मनात म्हटलं, गेली ताईची पीएचडी.

“नाही, नाही!” आजी उठल्याच. “कवितेतली राहेल रडत नाहीये! ही माझ्या आईची भावंडं. एकही उरलं नाही. माझी आजी त्यांना जेवायला हाका मारायची, ती ही नावं.”

आणि जिन्याकडे तोंड करून त्यांनी हाका मारल्या. खणखणीत, जरा वैतागलेल्या, सूप गार होतंय अशा. शेवटच्या नावानंतर त्या वर बघत उभ्याच राहिल्या.

रेकॉर्डिंग चालू होतं.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, “थँक्यू म्हण की.”

“थँक्यू? अख्खा चॅप्टर मी रडण्यावर लिहिलाय, गाढवा! आता सगळा परत लिहायचा. गाइडला काय सांगू, भावाने शांतामावशी करून दाखवली म्हणून? आणि त्या बिचाऱ्या जिन्याशी उभ्या होत्या, तेव्हा तू काय करत होतास? माझ्याकडे बघून टाळी मागत होतास!”