पाकळी बोटांनी लागते

लोक सांगतात, आत्माराम गुरवाने सात पिढ्यांचं देऊळ एका दुपारी घालवलं. सांगोत बापडे. मी त्यांची बायको, सोनूबाई. त्या दुपारी मी सभामंडपात खांबाला टेकून उभी होते, सगळं बघितलं, सगळं ऐकलं, आणि मला विचारायला अजून कोणी आलेलं नाही. म्हणून आता आपणहून सांगते.

आमचे हे दिसायला काडीपैलवान. तपकिरीचं भारी वेड, आणि पत्रावळ लावायला बसले की ती कधी गोल म्हणून व्हायची नाही. पण देवीपुढे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, गावाच्या वतीने बोलायला लागले, की म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे. आमच्या गावात, रत्नागिरीपासून एसटीने दीड तासावर, काहीही अडलं की देवीला कौल लावतात. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, बांधाचं भांडण, हरवलेली म्हैस, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. आणि पाकळी लावायची ती गुरवानेच.

घरात मात्र ह्यांची तऱ्हा वेगळी. पोरं बापाला उलट विचारायची आणि हे बसून उत्तरं द्यायचे! देवीला भूक लागते का, मग नैवेद्य कमी का होत नाही, असलं काहीबाही. मी चिडायचे. आमचा सदू लहान असताना त्याने देवळाच्या गॅसबत्तीची काच फोडली आणि आपण होऊन येऊन सांगितलं. मी पळी उचलली होती. ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, खरं सांगितलं त्याला मार नाही, हा या घरातला नियम. मग त्याला एसटीत घालून रत्नागिरीला नेलं आणि येताना नवी काच सगळी वाट त्याच्याच मांडीवर धरून आणवली. पोर घामाघूम झालं, पण काच शाबूत आली. ह्यांचा चुलतभाऊ केरू वाडीभर हसत सुटला की गुरवाची पोरं वकील होणार. वकील कुठली, सदू लोट्याला कंपनीत पाळीवर जातो. पण खोटं बोलत नाही मेला. मी आई आहे, मला कळतं.

त्र्याऐंशी सालच्या श्रावणातली गोष्ट. देवळात सप्ता होता आणि प्रवचनाला रत्नागिरीचे गोपाळकृष्णबुवा आले होते. माणूस गोड, वाणी त्याहून गोड. सहा दिवस एकच विषय, मुलं सत्यवादी कशी घडवावीत. बुवांचं म्हणणं, धाक हा पाया. देव बघतोय हे पोराच्या मनात रुजलं पाहिजे, खोटं बोलणाऱ्याच्या जिभेचं नरकात काय होतं ते लहानपणीच कळलं पाहिजे. बायका माना डोलवत होत्या. मीही डोलवली, खोटं कशाला सांगू.

सातव्या दिवशी नैवेद्याच्या ओल्या नारळाच्या वड्या गेल्या. केळीच्या पानाखाली ताट झाकून ठेवलं होतं. पान उचललं तर निम्म्या वड्या गायब. देवीच्या आधी कोणीतरी खाल्ल्या! मंडपात तेव्हा सात पोरं खेळत होती. त्यात गावचे प्रमुख मानकरी, गावकर रघूतात्या, यांचा नातू होता आणि चिमाची राही होती. चिमाचा नवरा मुंबईला गेला तो गेलाच, बाई लोकांच्या शेतात राबून पोरगी वाढवत होती. सगळ्यांच्या नजरा राहीकडे वळल्या. कोणी नाव घेतलं नाही, पण नजर ती नजर. दहा वर्षांचं पोर. परकर मुठीत धरून उभी राहिली.

तात्या म्हणाले, वाद कशाला, कौल लावा. देवीच चोर दाखवेल.

कौलाने एकदा नाव लागलं की ते पुसलं जात नाही. देवीने चोर म्हटलेल्या पोरीला आमच्याकडे कोणी दारात उभं करत नाही, पुढे तिला घर कोण देणार?

ह्यांनी हात जोडले. म्हणाले, तात्या, आधी पोरांना विचारून बघू. खरं सांगेल त्याला मार नाही, नाव ठेवणं नाही, असा शब्द द्या सगळ्यांसमोर. तात्यांनी चेष्टेत शब्द दिला. बरं बाबा, दिला, विचार. ह्यांनी विचारलं. सात पोरं, चकार शब्द नाही. बुवा हळूच हसले. म्हणाले, आत्माराम, भीती काढून घेतलीस तर सत्य येईल कुठून?

"बुवा, सहा दिवस भीतीच घातलीत," हे म्हणाले. "तिनेच तोंडं शिवलीत त्यांची."

बुवांच्या तोंडावर असं आजवर कोणी बोललं नव्हतं. तात्यांचा पारा चढला. गुरवाने पाकळी लावायची, शहाणपण शिकवायचं नाही. जमत नसेल तर केरू आहेच. आणि केरू खरंच पुढे सरकला, वाटच बघत होता तो. तात्यांनी ह्यांना हुकूम सोडला, चिमाच्या पोरीपासून सुरू कर.

हे गाभाऱ्यात गेले. मी मनात म्हटलं, लावा एकदाची आणि मोकळे व्हा, आपल्याला देऊळ टिकवायचंय. आज त्याची लाज वाटते, पण म्हटलं होतं. ह्यांनी दोन पाकळ्या हातात घेतल्या आणि वळून तात्यांना विचारलं, कुठली पाडू? कोणाला कळेना. मग स्वतःच म्हणाले, उजवी, आणि पाकळ्या भिजवून लावल्या. उजवी पडली. पुन्हा लावल्या. म्हणाले, डावी. डावी पडली.

"कमी भिजवलेली पाकळी आधी सुटते," हे म्हणाले. "देवी माझी आई आहे. पण पाकळी माझ्या बोटांनी लागते. पंधराव्या वर्षापासून लावतोय. कधी भल्यासाठी, कधी तुमच्या डोळ्यांकडे बघून, भिऊन. या देवळात सगळ्यात मोठा खोटारडा मीच. माझ्या लग्नाचा कौलसुद्धा मीच पाडला."

माझी काय अवस्था झाली असेल! अठ्ठावीस वर्षं मी समजत होते, देवीने मला पसंत केलं. आणि हा माणूस ते भर गावात सांगतोय! असा राग आला की काय सांगू. आणि रागाच्या पोटात हसूही आलं मेलं.

तेवढ्यात राही बोलली. मी दोन खाल्ल्या, म्हणाली. तिच्यामागून तात्यांचा नातू, मी तीन. मग एकेक करत सातही पोरं. सगळ्यांनी मिळून खाल्ल्या होत्या, आणि नाव एकट्या राहीला लागणार होतं. तात्यांचा हात नातवावर उठला. पण शब्द दिलेला, गाव बघतंय, तो हात तसाच खाली आला.

पण खरी भीती आता सुरू झाली. कोणाचा बांध कौलावर ठरलेला, कोणाची सून कौलावर आलेली. कुजबुज वाढली. तात्या ह्यांना बाजूला घेऊन बोलले नाहीत, सगळ्यांसमोरच बोलले. म्हणाले, आत्माराम, रागाच्या भरात बोललास, एवढं म्हण. पाकळ्यांचं जे सांगितलंस ते खोटं होतं म्हण. देऊळ तुझं, जमीन तुझी, कोणी ब्र काढणार नाही. बुवाही म्हणाले, अरे, लोकांच्या श्रद्धेसाठी एवढं कर. त्यांचा आवाज खाली गेला होता, पण म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. देवळाच्या जमिनीवर आमचं घर चालायचं. मी पदर खोचला आणि पुढे झाले.

"समोर पोरं बसलीत, तात्या," मी म्हटलं. "आमचा माणूस त्यांच्यासमोर खोटं बोलणार नाही."

तात्यांनी केरूला हाक मारली. ह्यांच्या खांद्यावरचं देवळाचं उपरणं काढून केरूच्या खांद्यावर टाकलं. झालं. सात पिढ्या एका उपरण्याबरोबर गेल्या. आता हे मांडवीला एकांच्या आंब्याच्या कलमांची राखण करतात आणि मी त्यांच्या वेड्यावाकड्या पत्रावळ्या सरळ करून बाजारात विकते. आमचं काही अडलेलं नाही.

पण त्या दुपारी आम्ही पायऱ्या उतरायला लागलो, तेव्हा मागून राही उठली. आई परकर ओढून खाली बसवत होती, तरी उठली आणि तात्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"तात्या आजा, खरं सांगेल त्याला मार नाही म्हणालात. मग गुरवकाकांना का?"

अख्खा गाव बसला होता. सहा दिवस सत्यावर बोललेले बुवा बसले होते. तात्या केरूच्या खांद्यावरचं उपरणं नीट करायला लागले.