दाराला आतून मूठ नव्हती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही कळत नाही.

नव्वदच्या दशकात मी बहारीनला होतो, गुदैबिया नावाच्या वस्तीत. ऑफिसने आठवडाभर लंडनला ट्रेनिंगला धाडलं आणि मी हिरो होऊनच परतलो! ज्या बेटावर रेल्वेचा रूळ औषधालाही सापडायचा नाही, तिथे विलायतेच्या गाड्यांवर बोलणारा मी एकटा! काय रंगवायचो — गार्डची शिट्टी, डब्यात मिळणारा चहा, सरकारी रेल्वे मोडून आलेल्या खाजगी कंपन्यांचे नवेकोरे रंग! दर शुक्रवारी जेवणं झाली की मंडळी म्हणायची, यल्ला पास्कल, होऊन जाऊ दे! आजही सांगताना अंगात येतं बघा.

त्या गाडीत मी कधी बसलोच नव्हतो. हॉटेल ते ऑफिस कंपनीची मोटार. स्टेशन पाहिलं ते बाहेरून.

एवढंच असतं तर?

शेजारचे दाऊदभाई रत्नागिरीचे. त्यांच्या गावी तेव्हा रेल्वे पोचली नव्हती, सगळा जन्म एसटीत गेलेला. त्यांचे भाऊ इंग्लंडात वारले होते आणि आता पुतणीचा निकाह ठरला. बाप नाही, म्हणून तिच्या बाजूने चाचानेच उभं राहायचं. हरखून माझ्याकडे आले — गाडीतून उतरायचं कसं? मला माहीत नव्हतं. तसं म्हणायला काय जात होतं माझं? मी ठोकून दिलं : दारं आपोआप उघडतात, कशाला हात लावू नका.

नव्या गाड्यांची उघडत असतीलही. त्यांची जुनी निघाली. तिथली जुनी रीत अशी, की खिडकीची काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. आतून मूठच नाही, म्हणून माझं बोलणं त्यांना जास्तच पटलं. बॅग धरून उभे राहिले. फलाटावर न्यायला आलेला शाळकरी पुतण्या हात हलवत होता — आणि गाडी सुटली. पुढचं स्टेशन लांब. त्यात रविवार, रूळदुरुस्ती, परतीला बस. ते पोचले तेव्हा निकाह उरकला होता. त्यांच्या जागी दूरचा कुणी नातेवाईक उभा राहिला.

परत आल्यावर शुक्रवारी सगळ्यांसमोर त्यांनी हे हसत सांगितलं. म्हणाले, "मीच खुळा रे. पास्कलने सांगितलान होता, माज्याच ध्यानात नाय ऱ्हवला."

सगळे हसले. मीही हसलो. मग उठलो, आणि ते दार कसं उघडतात हे — जे मी आत्ताच त्यांच्या तोंडून ऐकलं होतं — त्यांनाच हात बाहेर काढून करून दाखवलं. दाऊदभाई मान डोलावत बघत होते. मी दोनदा करून दाखवलं.