पूर्ण हजेरी

विद्यापीठात पहिल्या वर्षाला आलेली जी मुलं गळतात, ती बहुतेक पहिल्या सहा आठवड्यांत गळतात. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्याच टेबलाशी बसून कळलं होतं. सगळे तिला हजेरीताई म्हणत. काम एवढंच, की सलग तीन दिवस न आलेल्याला फोन करायचा आणि बरं आहे ना, विचारायचं. कोणी झोपलेलं असे, कोणी प्रेमात पडलेलं, कोणी घराकडच्या गाडीत बसलेलं. गाडीतल्यांपैकी निम्म्यांना तरी तिने पुढच्या थांब्यावर उतरवलं होतं. घरी माझा फोन उचलत नाहीस आणि परक्या पोरांच्या मागे हात धुऊन लागतेस, असं नवरा म्हणे.

यंदा वर्गांच्या दारांवर कार्डाची यंत्रं बसली. दर सोमवारी यादी आपोआप येऊ लागली, गैरहजर लाल आणि हजर हिरवे. कार्ड लागलं म्हणजे तुम्ही आहात, नाही लागलं तर माझा फोन घरी आलाच समजा, असं पहिल्या दिवशी सभागृहात तिनेच मुलांना बजावलं होतं. मुलं हसली होती.

सातव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, हिरव्या नावांवरून सहज नजर फिरवताना ती एका नावाशी अडखळली. लांबच्या खेड्यातून आलेली, घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेली पहिलीच मुलगी. सहा आठवड्यांत एकही दिवस चुकला नव्हता. सर्दी नाही, कंटाळा नाही, उशीर नाही. पहिल्या वर्षाचं असं पोर तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"लाल कमी पडली म्हणून आता हिरव्यांच्या मागे का?" साहेबांनी विचारलं.

तिने कार्ड लागल्याच्या वेळा काढल्या. दुसऱ्या आठवड्यापासून रोज त्या कार्डाच्या चार-पाच सेकंद आधी दुसरं एक कार्ड लागत होतं, आणि ते रोज तेच होतं. मुलीने ग्रंथालयातून एकही पुस्तक नेलं नव्हतं. फोन बंद होता.

दुसरं कार्ड तिच्याच वर्गातल्या, वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मुलीचं होतं. निरोप मिळताच ती धापा टाकत आली. वर्गात शिरताना छाती धडधडते म्हणून मैत्रिणीने आपणहून कार्ड दिलं होतं, दोनच दिवसांसाठी. त्याला आता पाच आठवडे झाले होते. रोज टिपणांची पानं ती दाराखालून आत सरकवत होती.

"तुमचा फोन गेला असता तर घरच्यांनी परत नेलं असतं तिला. म्हणून लावत होते, ताई."

"पानं आत घेते ती?"

"शनिवारपर्यंत घेत होती."

वसतिगृहाच्या बाईंनी किल्ल्यांचा जुडगा घेतला. दाराखालून पानांचे कोपरे बाहेर डोकावत होते, तीन दिवसांचे, एकावर एक. हजेरीताईने दार वाजवलं, आपण कोण ते सांगितलं, थांबली. पुन्हा वाजवलं. मग किल्ली लावायला सांगितलं.

मुलगी पलंगाच्या कडेला बसली होती. केस विंचरलेले, दप्तर खांद्याला, पायांत बूट. टेबलावरची पाण्याची बाटली कोरडी होती.

"निघतेच आहे," ती म्हणाली. ओठ फुटले होते. "सोमवार ना आज?"

डॉक्टरांना बोलवा, असं बाईंना सांगून हजेरीताई खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. पाय सुजले होते. बूट निघेनात.

"आज माझी हजेरी लागली का?" मुलीने विचारलं.

शेजारणीच्या हातात दोन्ही कार्डं अजून तशीच होती.

दुपारी मुलीला दवाखान्यात पोचवून ती टेबलाशी परतली. साहेबांनी कशी आहे विचारलं. डॉक्टर अजून काही बोलत नाहीत, एवढंच तिने सांगितलं. मग यादी पुढ्यात ओढली आणि एकही दिवस न चुकलेली हिरवी नावं वेगळी काढली. आणखी अकरा निघाली.

तिने पहिला नंबर फिरवला. घंटी बराच वेळ वाजत राहिली.