सातवी वॉर्निंग

दिनूकाका ‘कळलं नाही’ हे इतक्या बिनदिक्कतपणे म्हणायचे की लाज मला वाटायची. आमच्या कंपनीतले सगळ्यांत जुने. अर्धं आयुष्य कर्नलचा, म्हणजे संगणकाच्या अगदी गाभ्यातला कोड लिहिण्यात गेलेलं. आणि काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आपल्या खोलीत बसून खुशाल सांगणार, “अगं, माझ्या ध्यानात येत नाहीये. तू सांग.” मी काय सांगणार, कपाळ! मीच त्यांच्याकडे शिकायला जात होते.

मला नोकरीत कायम करायचं की नाही, ते सात वॉर्निंगवर अडलं होतं. एकाच यादीला दोन कामांनी एकदम हात लावू नये म्हणून कोडमध्ये आधी कुलूप घ्यावं लागतं. आम्ही त्याला लॉक म्हणतो. तपासणीचा प्रोग्राम कुरकुरत होता की सात ठिकाणी लॉक घेतलेलं दिसत नाही. मी जेवणाआधी सातही मिटवल्या. प्रत्येक जागी लिहून टाकलं, ‘इथे येणाऱ्याने लॉक आधीच घेतलेलं असतं.’ त्या ओळीवर विश्वास ठेवून प्रोग्राम गप्प बसला.

काकांनी वाचलं. “कोणी घेतलंय?”

“घेतलंच असेल.”

“असेल?” त्यांनी चष्मा काढला. त्यांचे वडील दशाश्वमेध घाटावर तीर्थोपाध्याय होते; आलेल्या यजमानाच्या घराण्याची नावं वहीत लिहायचे. “एखादं नाव पक्कं नसलं की वडील जागा कोरी सोडायचे. अंदाजाने बाप लिहिला, तर पुढचे लोक त्याच्याच नावाने पिंड देणार. मशीन चुप झालं गं, पण उद्या हे वाचणारा तर भरवसा ठेवणार ना?”

मला भयंकर राग आला. शुक्रवारची मुदत तोंडावर, आणि यांचं पिंडदान चाललेलं.

एकेक जागा तपासली, तर पाच ठिकाणी लॉक खरंच आधी घेतलेलं निघालं. सहावी जागा अगदी सुरुवातीची. तिथे ती यादी अजून कुणाला दिसलेलीच नसते, म्हणून लॉक लागतच नाही. तसं सरळ लिहिलं. सातवी मात्र सुटेना. एका वाटेने आलं तर लॉक घेतलेलं, दुसऱ्या वाटेने आलं तर पत्ताच नाही.

“काका, तुम्हाला माहीत आहे. मुद्दाम सांगत नाही तुम्ही,” मी म्हटलं. “नाही गं, मलाही कळलेलं नाही,” म्हणून ते हसले. वॉर्निंग राहिली आणि मी कायम झाले नाही. पुढे दोन महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही, याचं आता फार वाईट वाटतं.

फाल्गुनात काका गेले. मणिकर्णिकेवर त्यांना पोचवून आलो. पुढच्याच आठवड्यात साहेबांनी त्यांचं काम माझ्याकडे दिलं. म्हणाले, “ती एक वॉर्निंग बंद करून टाक, तुझं कायम झाल्याचं पत्र तयार आहे.”

फाइल उघडली. सातव्या जागेवर काकांनी लिहून ठेवलं होतं, ‘इथे लॉक कोण घेतं ते मला समजलेलं नाही. समजेपर्यंत वॉर्निंग राहू द्यावी.’ खाली नाव. म्हणजे त्यांना खरंच कळलं नव्हतं.

चार दिवस मी त्या दोन्ही वाटांनी फिरतेय. डोकं पार भंजाळलंय. साहेबांचा तिसरा फोन येऊन गेला. आज काकांच्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं आणि फाइल तशीच पाठवून दिली.