भार खालच्या पायावर

स्कॉटलंडच्या डोंगरावर मी पहिल्यांदा घसरले, तेव्हा मला बर्फातला फरकही कळत नव्हता. आपण मराठीत सगळ्याला बर्फच म्हणतो, भुसभुशीत पडलेला असो की रात्रीतून गोठून काचेसारखा झालेला. त्या सकाळी तो काचेसारखा होता. मी वळायला गेले, पायाखालून दोन्ही स्की सटकल्या, कमरेवर आपटले आणि घसरत थेट उताराच्या कडेच्या लाकडी कुंपणापर्यंत गेले. हाड मोडलं नाही, पण मांडी कितीतरी दिवस काळीनिळी होती.

"पुरे झालं आता," घरी आल्यावर नवरा म्हणाला. "या वयात कसली हौस?"

त्याचं चूक नव्हतं. मी साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. पडून मोडलेली मनगटं माझ्यासमोर रोज येतात. तरी मला ती घसरगुंडी लागून राहिली होती. पडण्याचं काही वाटलं नाही. पण खाली जाताना मी नुसती किंचाळत गेले, दुसरं काहीच केलं नाही, याचा राग होता. पुढच्या हिवाळ्यात परत जायचं, हे मी मनाशी पक्कं केलं.

साथ मिळाली नणंदेची. ताई लंडनमध्ये स्टॅनमोरला राहतात. डॉक्टरकी करून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर, साठी उलटल्यावर त्या स्कीइंग शिकल्या आणि माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने करायच्या. "शनिवारी मी तुझ्याकडे येत जाईन," त्या फोनवर म्हणाल्या. "तिकडे तो प्लॅस्टिकचा उतार आहे ना, तिथे सराव करू. आणि माझ्या भावाला सांग, स्वयंपाक त्याने करायचा."

त्या उतारावर बर्फ नसतो. ब्रशच्या दातांसारख्या प्लॅस्टिकच्या चटया असतात, वरून पाण्याचे फवारे. तिथली शिक्षिका बुटकी, मोठ्या आवाजाची स्कॉटिश बाई. तिने मला सगळा शरद ऋतू वळू दिलंच नाही. उताराला आडवं उभं राहायचं, गुडघे किंचित डोंगराकडे दाबायचे, की स्कीच्या पोलादी कडा रुततात. गुडघे सैल सोडले की कडा सुटतात आणि माणूस आडवाच खाली सरकतो. दाब, सोड, दाब, सोड.

"भीती वाटली की तू डोंगराकडे झुकतेस," ती ओरडायची. "मग खालच्या पायावरचा भार जातो आणि तोच पाय निसटतो. छाती दरीकडे! भार खालच्या पायावर!"

कडक बर्फाचे नियमही तिने तिथेच घोटून घेतले. चकाकत्या जागी वळायचं नाही, थांबायचंही नाही; गुडघे मऊ ठेवून तेवढा भाग ओलांडायचा. वळायचं ते कडेला मऊ बर्फ साचलेला असतो तिथे. पडलोच तर पाय खाली करून स्की आडव्या घालायच्या.

फेब्रुवारीत आम्ही दोघी स्कॉटलंडला त्याच डोंगरावर गेलो. आदल्या दिवशी बर्फ वितळून पाणी झालं होतं आणि रात्री ते पुन्हा गोठलं. पायथ्याच्या दुकानात आम्ही स्कीच्या कडांना धार लावून घेतली. दुकानदाराने नखावर कड ओढून दाखवली, नखाचा पांढरा भुगा निघाला. "आज हीच कामाला येईल," तो म्हणाला.

वरचा अर्धा उतार बरा गेला. मग रुंद, राखाडी, चमकणारा पट्टा लागला. मी कडेच्या मऊ बर्फावर थांबून मागे पाहिलं. ताई पट्ट्याच्या मधोमध उभ्या होत्या. काठ्या रोवून, डोंगराला टेकल्यासारख्या.

"ताई, या ना!"

"जमत नाहीये मला." आवाज अगदी बारीक. "पाय ऐकत नाहीयेत गं."

या बाईला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी कडेकडेने पायऱ्या चढल्यासारखी परत वर गेले आणि त्यांच्या किंचित खाली, जरा बाजूला उभी राहिले.

"ताई, खाली बघू नका. माझ्याकडे बघा. डोंगराकडे झुकलायत तुम्ही."

"झुकू नको तर काय करू?"

"छाती माझ्याकडे आणा. भार खालच्या पायावर. आता गुडघे जरा सोडा."

त्या वीतभर सरकल्या, दचकल्या आणि थांबल्या. कडा रुतल्या होत्या.

"बघा, थांबलात तुम्ही! परत सोडा."

दाब, सोड, दाब, सोड करत आम्ही दोघी तो अख्खा पट्टा आडव्याच उतरलो. शेजारून चार पोरं सुसाट गेली. आम्ही मान वळवली नाही. खाली पोचल्यावर ताईंनी स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझं झालं. मी चहा घेते."

"अहो, एकदा परत—"

"नको. मला आता यातली मजा नको आणि भीतीही नको. तू जा."

त्यांच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता, हार मानल्यासारखंही काही नव्हतं. मी क्षणभर घुटमळले आणि डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टकडे वळले.

दुसऱ्या खेपेला त्याच पट्ट्यावर मी पडले. पण या वेळी आवाज न करता पाय खाली वळवले, स्की आडव्या दाबल्या. खरखर झाली, बर्फाचा चुरा तोंडावर उडाला आणि मी थांबले. उठले, हातमोजे झटकले, कडेला गेले, मऊ बर्फ बघून वळले. तिसऱ्या खेपेला पडले नाही. मग वर-खाली करतच राहिले. दुपारी वारा वाढला आणि लिफ्ट बंद केली, तेव्हाच थांबले.

कॅफेत ताई एका म्हाताऱ्या जोडप्याशी गप्पा मारत होत्या. मला पाहून त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"उद्या तू सकाळीच जा," त्या म्हणाल्या. "बर्फ परत गोठलेला असेल. मी मात्र उशिरा उठणार आहे."