लिसनमधला टी

लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्या सालीही पाठ फिरवली होती. रेवणसिद्ध सर निलंग्याजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. जिल्ह्याच्या गावी इंग्रजीच्या शिक्षकांसाठी पाच दिवसांचं उच्चाराचं शिबिर निघालं, तेव्हा सर खूश झाले. पाच दिवस टँकरच्या रांगेतून सुटका. बाकी अठरा वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला कोण काय उच्चार शिकवणार?

औरंगाबादहून आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी टेपरेकॉर्डर लावला. प्रत्येकानं उतारा वाचायचा आणि मग स्वतःचा आवाज ऐकायचा. सरांचा आवाज निघाला, "इस्कूल", "इस्टेशन". कुणी हसलं नाही, कारण बहुतेकांचं तेच निघणार होतं. तरी सरांचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी उच्चार शिकवताना लागणाऱ्या संज्ञांचा एक कागद वाटला. सिलेबल म्हणजे शब्दाचा एका दमात निघणारा तुकडा. स्ट्रेस म्हणजे त्यातल्या एका तुकड्यावर दिलेला जोर. त्याखाली होतं सायलेंट लेटर. लिहायचं, पण बोलायचं नाही. उदाहरणाला पहिलाच शब्द होता लिसन, त्यातला टी मुका.

सरांचं बोट त्या शब्दावरच थांबलं.

मागच्या वर्षी नववीत पंचशीला होती, बौद्धवाड्यातली. तिचे मामा मुदखेडला रेल्वेत होते. सुट्टीत त्यांच्याकडं राहून ती रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकायची. धडा वाचताना ती "लिसन" म्हणाली. सरांनी दुरुस्त केलं, "लिस्टन."

"सर, रेडिओवर लिसन म्हणतात," ती हळूच म्हणाली.

"रेडिओ तुझा मास्तर हाय का मी? तुमच्या घरात आजवर कुणी इंग्रजी बोललंय का?"

वर्ग हसला. तिला पुढं बोलावून सरांनी दहा वेळा "लिस्टन" म्हणायला लावलं. तिनं म्हटलं, मान खाली घालून. त्यानंतर तिनं हात वर केला नाही. यंदा दहावीत दिवाळीनंतर ती यायचीच थांबली, आणि सर हजेरीत गैरहजर मांडत राहिले.

आता शिबिरात बसल्या बसल्या त्यांना टीपेक्षा "तुमच्या घरात" हे शब्द जास्त टोचत होते. त्यांचा अर्थ वर्गाला कळला होता. सरांनाही कळला होता, बोलतानाच.

शिबिर संपल्यावरच्या रविवारी ते रोजगार हमीच्या तलावावर गेले. पंचशीला आई सरजाबाईबरोबर खडी फोडत होती. सरांना पाहून सरजाबाई उभी राहिली.

"काय झालं, मास्तर? शाळेतनं नाव कमी केलं का पोरीचं?"

"न्हाई. माझंच चुकलं, ते सांगायला आलो." सर पंचशीलाकडं वळले. "तू बरोबर होतीस. त्यातला टी बोलत नाहीत. आणि मी तुझ्या घरावरून बोललो, ते तर लईच वाईट झालं."

पंचशीलानं हातातला हातोडा खाली ठेवला.

"सर, इथं कुणाला माहीत हाय ते? वर्गात म्हणा."

सर परत फिरले. वाटेत त्यांना कळलं की ती म्हणाली तसंच करावं लागेल, म्हणूनच आपल्याला घाम फुटला आहे.

सोमवारी दहावीच्या फळ्यावर त्यांनी शब्द लिहिला, टी खोडला आणि नववीत आपण काय केलं ते सगळं सांगितलं, घरावरचं बोलणंही. या वेळी वर्ग हसला नाही. ते जास्त जड गेलं. मुख्याध्यापक बसलिंगप्पांनी नंतर खोलीत बोलावलं.

"मास्तरानं असं पोरांपुढं नाक घासलं तर उद्या तुम्हाला कोण विचारील?"

"न्हाई विचारलं तर न्हाई," सर म्हणाले.

वर्गातलं तिच्या कानावर गेलं असावं; गुरुवारी पंचशीला आली, मागच्या बाकावर बसली. उरलेले तीन महिने तिनं इंग्रजीच्या तासाला एकदाही तोंड उघडलं नाही. सरांनीही तिला उठवलं नाही. बोर्डाला तिला इंग्रजीत त्र्याहत्तर पडले. दाखला न्यायला आली तेव्हा तिनं पुढच्या कॉलेजचं नाव सांगितलं, सही झालेला कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि "येते सर" म्हणून निघाली. आपल्याला तिनं माफ केलं की नाही, हे विचारायचं धाडस सरांना झालं नाही.